मामांच्या चित्रांना एक कोरडी खोली हवी

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागं आपल्या वाचकांच्या पानावर एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. २०२४ च्या नोव्हेंबरात मॅग्रित नावाच्या बेल्जियमच्या चित्रकाराचं एक चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात १२ कोटी ११ लाख डॉलरला गेलं, म्हणजे आपले हजार कोटींच्या वर, त्यावर त्यांनी लिहिलं होतं की खाली रात्र आणि वर दिवस असलं उलटंसुलटं चित्र घेणारे श्रीमंत लोक येडे आहेत आणि ज्या सोलापुरात चार-पाच दिवसाआड नळाला पाणी येतं त्या गावाचा असल्या चित्रांशी काय संबंध. पाण्याचं त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे, आमच्या घरी पण तेच हाल आहेत. पण संबंध नाही हे चूक आहे, साफ चूक आहे, आणि ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलो. पत्र मोठं झालंय, जमलं तर सगळं छापा.

ते चित्र, ज्याच्यात खाली अंधारातला रस्ता, एक दिवा लागलेला, आणि वर भर दुपारचं निळं आकाश, ते मॅग्रितनं एकदाच नाही काढलं, १९४९ पासून पुढं पंधरा वर्षं परत परत काढलं, तेलरंगात १७ वेळा. लिलावात गेलं ते १९५४ चं. त्या सतरापैकी नऊ चित्रांची कात्रणं, कार्डं, कॅलेंडरची पानं आपल्या सोलापुरात, पूर्व भागात एका दोन खोल्यांच्या घरात पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. ज्यांनी ती जमवली त्यांनी जन्मभर जकार्डचे ग्राफ, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीचे चौकोनी कागदावरचे आराखडे, काढले. नाव छापू नको असं त्यांनीच बजावलंय, म्हणून मी मामा म्हणतो, तसंही मी त्यांना मामाच म्हणतो.

मी फोटो फ्रेमवाला. नवी पेठेच्या मागच्या बाजूला वडलांनी टाकलेलं दुकान आता मी चालवतो. आमचं बहुतेक काम देवांचं आणि गेलेल्या माणसांचं. सिद्धरामेश्वर, अक्कलकोटचे स्वामी, तुळजाभवानी, मार्कंडेय महामुनी, आणि मग कुणाची आजी, कुणाचे आजोबा. १९८९ च्या जानेवारीत, गड्ड्याची जत्रा चालू होती, दुकानात गर्दी होती, मी कॉलेजातनं येऊन काच पुसत बसलेलो, तेव्हा एक बारीक माणूस आला, शर्टावर निळ्या शाईचे डाग, आणि इंग्रजी पेपरातलं एक कात्रण वहीतनं काढून काउंटरवर ठेवलं. मिश्या वर पिळलेला, डोळे वटारलेला माणूस. वडलांनी सवयीनं विचारलं, "कधी वारले?" ते म्हणले, "२३ तारखेला." वडील म्हणले, "नात्यातले का?" तर म्हणले, "लांबचे." वडलांनी विचारलं चंदनाचा हार लावून देऊ का. ते म्हणले, द्या. तो फोटो साल्वादोर दाली ह्या स्पेनच्या चित्रकाराचा होता हे मला नंतर कळलं. हार घातलेली ती फ्रेम अजून मामांच्या भिंतीवर आहे, आणि दरवर्षी गड्ड्यात एकदा ते हार काढून पुसून परत घालतात.

तेव्हापासून आजपर्यंत त्यांच्या तीनशेच्या वर फ्रेमा आम्ही केल्या. पैसे कधी लगेच, कधी बोनसला. पण उधारी एकदाही बुडवली नाही.

सुरुवात कशी झाली ते त्यांनी मला तुकड्या-तुकड्यानं सांगितलंय. तरुणपणी कारखान्याच्या कामानं मुंबईला जायचे, परतीच्या गाडीला वेळ असला की फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं बघायची. तिथं एका फाटक्या फॉरेन मासिकात दालीची ती वितळलेली घड्याळं दिसली, १९३१ चं चित्र. मामा म्हणतात, "मी कुठलीही डिझाइन बघितली की डोक्यात आपोआप तिचे चौकोन पडायचे, फूल असू दे, मोर असू दे, ताजमहाल असू दे. ह्या घड्याळाचे चौकोनच पडेनात." आठ आण्याला ते मासिक घेतलं आणि गाडीत सोलापूर येईपर्यंत तेच एक पान बघत बसले. ज्यांनी मिलचा भोंगा ऐकत दिवस काढलेत त्यांना ते चित्र का चिकटलं असेल हे मला सांगायला लागलं नाही. आमच्या लहानपणी घरात घड्याळ नसलं तरी चालायचं, भोंगा झाला की आई कुकर लावायची. मग एकेक मिल बंद पडत गेली, भोंगे थांबले, आणि मामा त्या चित्रासमोर बसून म्हणले होते की बघ, आता आपल्या गावात असं झालंय.

ह्या चित्राची अजून एक गोष्ट. मला वाटायचं एवढं जगात गाजलेलं चित्र म्हणजे भिंतभर असणार. फ्रेमसाठी माप घ्यायला लागलो तेव्हा मामांनी वहीतनं वाचून दाखवलं, २४ सेंटीमीटर बाय ३३. म्हणजे झेरॉक्सच्या कागदापेक्षा जरासं मोठं! मी दुसऱ्यांदा विचारलं. तेव्हा त्यांनी मला त्यांची पद्धत दाखवली. कुठलंही चित्र मिळालं की मूळ चित्राचं माप हुडकायचं, पुस्तकातनं, कॅटलॉगमधनं, नाहीतर पत्र लिहून, आणि पेपरची पानं चिकटवून त्या मापाचा कागद कापायचा आणि तो भिंतीला लावून समोर उभं राहायचं. हातात पोस्टकार्ड धरायचं, भिंतीवर कोरा पेपर, आणि डोक्यात ते एवढं मोठं करायचं. तंबाखू ओढायच्या पाइपचं चित्र, ज्याच्याखाली मॅग्रितनं फ्रेंचमध्ये लिहिलंय की हा पाइप नाही, १९२९ चं, ते ६० बाय ८१. फायरप्लेसमधनं आगगाडीचं इंजिन बाहेर येतंय ते १९३८ चं चित्र जवळजवळ दीड मीटर उंच. त्यांच्या घराच्या भिंतीला अजून ते पेपरचे कागद आहेत, कडा पिवळ्या पडलेत, प्रत्येकावर कोपऱ्यात पेन्सिलनं चित्राचं नाव आणि साल. ज्याला पॅरिस, शिकागो, न्यूयॉर्क कधी बघायला मिळणार नाही त्या माणसानं असं बघितलं. मी फ्रेमवाला असून मला चित्राचं माप म्हणजे काय हे तिथं कळलं.

आता ही सगळी चित्रं ज्यातली, ते अतिवास्तववाद, सर्रिअॅलिझम म्हणजे काय ते मी मामांकडनं शिकलो तेवढंच सांगतो. पहिल्या महायुद्धात आंद्रे ब्रतों नावाचा पोरगा डॉक्टरकी शिकत होता, त्याला युद्धात डोक्यावर परिणाम झालेल्या सैनिकांच्या दवाखान्यात काम करायला लागलं. ती माणसं जे बोलायची ते तो ऐकायचा. फ्रॉइडचं स्वप्नाबद्दलचं म्हणणं त्याला तिथंच कळलं. ज्या शहाण्यासुरत्या लोकांनी हिशेब करून, नकाशे काढून लाखो पोरं मारली त्यांच्या शहाणपणावरचा त्याचा विश्वास उडाला आणि त्याला वाटलं की माणसाच्या आत जे स्वप्नात चालतं ते पण तितकंच खरं धरायला पाहिजे. १९२४ ला त्यानं पॅरिसमध्ये जाहीरनामा काढला. शब्द त्याच्या आधीचा, १९१७ ला अपोलिनेर ह्या कवीनं वापरलेला. म्हणजे हे श्रीमंतांचं खूळ म्हणून सुरू झालेलं नाही साहेब, युद्धातनं वाचलेल्या तरुण पोरांनी सुरू केलेलं आहे. २०२४ ला त्याला शंभर वर्षं झाली तेव्हा पॅरिसला पाँपिदू सेंटरमध्ये मोठं प्रदर्शन भरलं, आणि मामांनी नातीच्या मोबाईलवर त्याचे फोटो बघत सगळी दुपार काढली.

आणि आपल्याकडं हे कुणाला कळत नाही असं पण नाही. माझी आई वारकरी, शाळेत चौथीपर्यंत. मामांचं एक चित्र फ्रेमला आलं होतं, मॅग्रितचंच, १९५२ चं, एक अख्खी खोली आणि ती खोली भरून एकच हिरवं सफरचंद, छताला टेकलेलं. आई डबा घेऊन आली होती. तिनं बघितलं आणि काही न विचारता म्हणली, "मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्याशी." मुक्ताईचा अभंग. मामांनी तिला वाकून नमस्कारच केला.

पण मला सांगायचंय ती खरी गोष्ट पुढं आहे. मॅग्रितचं एक १९५३ चं चित्र आहे, अमेरिकेत ह्यूस्टनच्या मेनिल म्युझियममध्ये. काळा कोट, गोल टोपी घातलेली बरीच माणसं हवेत टांगल्यासारखी, पावसाच्या थेंबासारखी, पडतायत का वर चाललीयत कळत नाही, मागं लाल छपराची घरं आणि निळं आकाश. त्या चित्राचं नाव काय आहे माहितीये? गोवळकोंडा. आपल्या शेजारचा, हैदराबादचा गोवळकोंडा! नाव सुचवलं मॅग्रितच्या कवी मित्रानं, स्कुतनेअरनं, कारण युरोपात गोवळकोंडा म्हणजे हिऱ्यांचं, अमाप दौलतीचं गाव म्हणून माहीत होतं. मामांचे आजोबा तेलंगणातनं हातमाग घेऊन सोलापूरला आले, घरात अजून तेलुगू बोलतात, गोवळकोंड्याचा किल्ला त्यांनी लहानपणी वडलांच्या खांद्यावर बसून बघितलेला. त्या माणसाला एका बेल्जियमच्या चित्राखाली हे नाव सापडल्यावर काय वाटलं असेल. ते म्हणतात की त्यांनी ते नाव चार वेळा वाचलं, छापण्यात चूक असणार असं वाटलं.

आणि मग ते बघत बसले. डिझायनरच्या नजरेनं. एके दिवशी दुकान उघडायच्या आधी येऊन शटरपाशी उभे, हातात ग्राफ पेपर. म्हणले, "अरे हा रिपीट आहे! ही माणसं वाटेल तशी टाकलेली नाहीत, तिरप्या ओळीत बसवलीयत, एक मागं एक पुढं, चादरीवर बुट्टा बसवतो तसा." ग्राफवर त्यांनी प्रत्येक माणसाच्या जागी टिंब दिलं होतं आणि टिंबं जोडली होती, तर खरंच जाळी तयार झालेली. मग हुडकता-हुडकता त्यांना कळलं की मॅग्रित तरुणपणी काही वर्षं ब्रुसेल्सजवळ वॉलपेपरच्या कारखान्यात डिझायनर होता, म्हणजे रिपीट, एकच नक्षी परत परत बसवणं, हे त्याचं पोटाचं काम होतं. वडील शिंपीकाम आणि कापडाच्या धंद्यातले, आई लग्नाआधी टोप्या बनवायची. मामा त्या दिवशी किती खूष होते सांगू. म्हणले, "आपल्यातलाच की ओ हा." कुणा मोठ्या समीक्षकानं हे लिहिलंय का नाही मला कळत नाही, पण मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय की सोलापूरच्या एका डिझायनरनं ते चित्र ग्राफवर सोडवलं.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्याची चादर काढायची ठरवली. सहा महिने रात्री बसून ग्राफ काढला. एक माणूस छोट्या चौकोनात बसवणं सोपं नाही, पहिल्या वेळी टोपी मडक्यासारखी दिसायला लागली, दुसऱ्या वेळी कोट परकरासारखा. मागाला नक्षी सांगणारी भोकांची कार्डं स्वतः पंच केली, सुट्टीच्या दिवशी. कारखान्याच्या मालकांना दाखवलं तर ते म्हणले टोपी काढून फेटा घाला, खपेल तरी. मामा नाही म्हणले. शेवटी मालकांनीच मोठ्या मनानं एक दिवस माग दिला, सूत मामांच्या पैशाचं, आणि दोन चादरी निघाल्या. दोनच. नंतर ती कार्डं मागच्या खोलीत पडून राहिली आणि उंदरांनी खाल्ली.

सोलापुरी चादर ज्यांनी नीट बघितलीय त्यांना माहितीये की ती दोन्ही बाजूनं वापरता येते, उलट्या बाजूला रंग उलटे होतात. मामांनी रंग निवडले ते निळा आणि पिवळसर पांढरा. सुलट्या बाजूला उजेडात गडद माणसं. उलटी केली की गडद आकाशात उजळ माणसं, दिव्यासारखी. म्हणजे हजार कोटीचं जे चित्र, एकाच ठिकाणी दिवस आणि रात्र, आणि हे गोवळकोंड्याचं चित्र, ही दोन्ही त्या एका चादरीत आली. हे त्यांनी ठरवून केलं होतं का असं मी विचारलं, तर म्हणले, "ठरवून नाही केलं, मागावरनं उतरवल्यावर दिसलं." त्यातली एक चादर माझ्या दुकानात काउंटरच्या मागं टांगलेली आहे. ज्या गृहस्थांनी पत्र लिहिलं त्यांनी कृपा करून एकदा येऊन बघावी, मी चहा पाजीन, आणि उलटी करून दाखवीन.

लोक विचारतात, मला पण विचारतात, की ही सगळी छापील चित्रं, एक पण ओरिजिनल नाही, मग ह्याला संग्रह कसं म्हणायचं. एका शिकलेल्या माणसानं मामांच्या तोंडावर रद्दी म्हणलं होतं. मामांनी त्यांना एवढंच सांगितलं की मॅग्रित हा मॅग्रित झाला तो छापील चित्र बघूनच. खरं आहे ते. जॉर्जो दे किरिको ह्या इटालियन चित्रकाराचं १९१४ चं प्रेमगीत नावाचं चित्र आहे, त्यात एक पुतळ्याचं डोकं, एक रबरी हातमोजा आणि हिरवा चेंडू एका भिंतीपाशी. त्या चित्राचा छापील फोटो मित्रानं मॅग्रितला दाखवला आणि तो बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आपल्याला काय काढायचंय ते तिथं कळलं. मूळ चित्रासमोर उभा राहून नाही, छापलेला कागद हातात धरून. मग सोलापूरच्या माणसानं कागद जपले तर त्याला रद्दी का म्हणायचं?

तसं एका ओरिजिनल वस्तूच्या मागं मामा खूप वर्षं होते. १९६७ मध्ये एअर इंडियानं दालीकडनं अॅशट्रे करून घेतली, पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना भेट द्यायला. त्याच्यात हत्तीचं डोकं उलटं केलं की हंस दिसतो आणि हंस उलटा केला की हत्ती. आणि दालीनं मोबदल्यात पैसे नाही, हत्तीचं पिल्लू मागितलं, आणि एअर इंडियानं खरंच विमानातनं स्पेनला पाठवलं! मामांनी मुंबईच्या चोर बाजारात तीन खेपा मारल्या, मिळाली नाही. फोटो आहे फक्त, तो पण काळा-पांढरा. पण त्यांनी तो फोटो दोन वेळा फ्रेम केलाय, एक सुलटा आणि एक उलटा, शेजारी-शेजारी.

मला स्वतःला विचाराल तर माझं आवडतं मॅग्रितचं १९३७ चं चित्र. एक माणूस आरशासमोर पाठमोरा उभा आहे आणि आरशात पण त्याची पाठच दिसते. शेजारी ठेवलेलं पुस्तक मात्र आरशात बरोबर उलटं दिसतंय. मी आरसे कापतो, बसवतो, रोज स्वतःचं तोंड शंभर वेळा बघतो, मला त्या चित्राकडं बघताना मानेवर काटा येतो. तो पाठमोरा माणूस एडवर्ड जेम्स, इंग्लंडचा संग्राहक, ज्यानं दाली आणि मॅग्रित दोघांना ऐन गरजेच्या वेळी पैसा पुरवला. म्हणजे जमवणाऱ्या माणसाचं चित्र काढलं आणि त्याचा चेहराच नाही दाखवला. मामांचं नाव छापायचं नाही म्हणल्यावर मला तेच आठवलं.

नातीनं पाच-सहा वर्षांपूर्वी विचारलं, आजोबा ह्याच्यात सगळे बाप्येच कसे, बायका चित्र काढत नव्हत्या का. मामा गप्प झाले, आणि दुसऱ्या दिवसापासून नवीन ट्रंक सुरू केली. लिओनोरा कॅरिंग्टन, डोरोथिया टॅनिंग, मेरेट ओपनहाइम जिनं १९३६ ला कपबशीला केसाळ कातडं चढवलं, आणि रेमेदिओस वारो. ही वारो स्पेनची, युद्धामुळं मेक्सिकोला गेली. तिचं १९६१ चं एक चित्र नातीनं कलर झेरॉक्स काढून आणलं, एका उंच बुरुजात बायका बसून कापडावर भरतकाम करतायत, आणि ते कापड खिडक्यांतनं बाहेर पडून खाली पसरत जातंय आणि त्याचीच जमीन, झाडं, घरं, पाणी होतंय. सगळी पृथ्वी त्या कापडाची. मामांच्या बायकोनं जन्मभर कांड्या भरल्या, विड्या वळल्या, आता नजर कमी झालीय, तिनं ते डोळ्याजवळ धरलं आणि तेलुगूत काहीतरी म्हणाली. मामांनी मराठीत सांगितलं, "ती म्हणतीय, ह्यांना मजुरी किती मिळत असेल." ते चित्र आता देवघराशेजारी आहे.

आता दुखणं सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेनं प्रदर्शन करतो म्हणून ४२ फ्रेमा नेल्या. आठ दिवसांत परत देतो म्हणले. प्रदर्शन झालंच नाही, फ्रेमा गोडाऊनला फरशीवर उभ्या करून ठेवल्या, त्यात पावसाळा गेला. मामा फेऱ्या मारून दमले, मग मी गेलो, सात महिन्यांनी ३६ मिळाल्या. सहा कुठं गेल्या कुणाला माहीत नाही, कुणी विचारलं तर म्हणतात आम्ही तेवढ्याच नेल्या. आणलेल्या फ्रेमा मी दुकानात उघडल्या. मागचा हार्डबोर्ड फुगलेला, बारीक खिळे गंजलेले, काचेच्या आतनं पांढरी बुरशी, मोहरीएवढे ठिपके. इव तांगी ह्या ह्यांच्यातल्याच चित्रकाराचं एक चित्र होतं, समुद्राच्या तळासारखं, ते काचेलाच चिकटलं होतं, त्याला माउंट, म्हणजे काच आणि कागदाच्या मधली पुठ्ठ्याची चौकट, नव्हता, ओल धरली की कागद काचेला चिकटतो आणि मग निघत नाही, ओढलं की रंग काचेवर राहतो आणि कागद हातात येतो. मी ब्लेडनं कोपरा उचलून बघत होतो तर मामांनी माझा हात धरला. म्हणले, राहू दे, काचेतच राहू दे. मग स्टुलावर बसून कोरड्या कापसानं एकेक फ्रेम पुसायला लागले, संध्याकाळी दिवे लागेपर्यंत. एका शब्दानं कुणाला काही बोलले नाहीत. मला अजून त्या संस्थेचा राग येतो. नाव लिहित नाही, त्यांना कळेल.

गेल्या पावसाळ्यात घराचं पत्र्याचं छत गळलं. ट्रंका पलंगाखाली, रात्री दोन वाजता मामांचा फोन, मी आणि पोरगा गेलो. दोन ट्रंका पाण्यात. एकीत सगळी कॅटलॉगं, परदेशातल्या म्युझियमांनी पत्राला उत्तर म्हणून पाठवलेली, त्यांची पानं चिकटून विटेसारखी झालेली. त्या रात्री आम्ही चादर अंथरून त्याच्यावर पोस्टकार्डं वाळत घातली, फॅनखाली, पापड घालतात तशी. मामांचं वय आता ७८ आहे. मुलगा पुण्याला, त्याच्या फ्लॅटमध्ये जागा नाही, त्याचा दोष नाही. नात म्हणते मी सांभाळीन, पण तिचं अजून शिक्षण चालू आहे.

मामांना एक भीती आहे आणि ती खरी आहे. ज्या ब्रतोंनी हे सगळं सुरू केलं तो पॅरिसला रू फोंतेन ४२ ह्या पत्त्यावर १९२२ पासून १९६६ ला मरेपर्यंत राहिला, आणि त्या घरात त्यानं जन्मभर जमवलेलं, चित्रं, मुखवटे, पुस्तकं, पत्रं, दगडगोटे सुद्धा. त्याच्या बायकोनं, मग मुलीनं ते जसंच्या तसं जपलं. सरकारनं अख्खं घर घ्यावं असं पुष्कळ लोक म्हणत होते, झालं नाही, २००३ ला लिलाव झाला, चार हजारांच्या वर लॉट, सगळं जगभर पांगलं. एक भिंत तेवढी पाँपिदूमध्ये आहे. ही बातमी वाचून मामा दोन दिवस नीट जेवले नव्हते. उलट ज्यांचं नशीब चांगलं त्यांचं एकत्र राहिलं. गॅब्रिएल कीलर ह्या बाईंनी त्यांचा सगळा संग्रह १९९५ ला एडिंबरोच्या म्युझियमला ठेवला. मेनिल नवरा-बायकोनं जमवलेलं ह्यूस्टनला आहे आणि तिथं आजही तिकीट नाही, कुणीही जाऊन तो गोवळकोंडा फुकट बघू शकतो. मामांना हे फुकटचं फार आवडतं. ते म्हणतात तसंच पाहिजे.

मी काही म्युझियम मागत नाही. एवढ्या मोठ्या शहरात एखाद्या वाचनालयाची, कॉलेजची, समाजाच्या इमारतीची एक खोली पाहिजे. कोरडी, वरच्या मजल्यावरची, स्लॅबची, पत्र्याची नको. पश्चिमेची खिडकी नको, आपल्याकडच्या उन्हानं छापील रंग दोन उन्हाळ्यात उडतात, आधी लाल जातो, मग पिवळा, शेवटी सगळं निळं दिसतं. चार लोखंडी कपाटं, एक लांब टेबल आणि शनिवार-रविवार दोन तास उघडायची मुभा. मामा स्वतः येऊन बसायला तयार आहेत. टेक्स्टाइल डिझाइन शिकणारी कितीतरी पोरं आपल्या गावात आहेत, ती मोबाईलवरनं तीच-तीच फुलं उतरवून आणतात, त्यांना रिपीट म्हणजे काय हे मॅग्रितच्या चित्रावरनं समजावून सांगणारा माणूस अजून हयात आहे आणि त्याच्यापाशी कुणी जात नाही ह्याचं मला लई वाईट वाटतं. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपूरला जन्मलेले हुसेन जगभर गेले. स्वप्नात दिसावं तसं पान, घड्याळ, रिकामी खोली काढणारे आपले प्रभाकर बरवे कित्येक वर्षं विणकर सेवा केंद्रात कापडाचं काम करायचे. चित्र आणि कापड आपल्याकडं वेगळं कधी होतंच कुठं?

ज्यांच्याकडं अशी खोली असेल त्यांनी आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा, मी येऊन घेऊन जाईन, मामांचा पत्ता मात्र छापू नका, त्यांना गर्दी सोसत नाही. सहा हरवलेल्या फ्रेमांपैकी एखादी कुणाच्या घरी लागलेली असली तर मागच्या हार्डबोर्डवर आमच्या दुकानाचा शिक्का आणि पेन्सिलनं लिहिलेलं माप सापडेल, परत आणून द्या, काही विचारणार नाही. आणि खोली मिळाली तर सगळ्या फ्रेमा उघडून, नवीन माउंट घालून, मागनं चांगला कागद लावून मी परत बंद करून देणार आहे. मजुरी घेणार नाही, काचेचे पैसे पण नाही.

आपला,
एक फ्रेमवाला, सोलापूर